डेडस्टॉक रजिस्टर आणि पत्त्याएवढा संगणक

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

दोनेक महिन्यांपूर्वी सेलू तालुक्यातल्या एका शाळेत बातमीसाठी गेलो होतो. बातमी दुसरीच होती, पाण्याच्या टाकीची. व्हरांड्यातून जाताना एका खोलीवर पाटी दिसली, ‘संगणक कक्ष’. दाराला कुलूप. कुलूपही असं, की त्याच्यावर गंज चढलेला. मुख्याध्यापकांना म्हणलं, सर, जरा उघडता का? त्यांनी शिपायाला पाठवलं. चावी सापडायला वीस मिनिटं लागली. आत दहा संगणक, त्यांच्यावर फुलाफुलांच्या कापडाची झाकणं, कोपऱ्यात फुगलेल्या बॅटऱ्यांचा यूपीएस. भिंतीवर इनपुट डिव्हाइस, आऊटपुट डिव्हाइसचा तक्ता, तोही उंदरानं एका बाजूनं खाल्लेला.

मी विचारलं, लेकरं येतात का इथं? सर हसले. म्हणाले, “पत्रकार साहेब, हे सगळं डेडस्टॉकला आहे. एखादं फुटलं तर वसुली कुणाकडून करायची? शिकवणारा निदेशक होता, पाच वर्षांचा करार संपला आणि तो गेला. आता चावी माझ्याकडं आणि जबाबदारीबी माझ्याकडं.”

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या जडवस्तूंची नोंदवही. बाक, कपाट, घंटा, ग्लोब, संगणक, सगळ्यांना क्रमांक. मुख्याध्यापक बदलला की ही वही पुढं ठेवून एकेक वस्तू मोजून चार्ज द्यावा लागतो. वस्तू बंद पडलेली असली तरी चालते, पण हजर पाहिजे. म्हणून आपल्याकडं न वापरलेला संगणक हा सुरक्षित संगणक असतो. सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं.

तिथून घरी आलो ते डोक्यात एकच घेऊन. स्वस्त संगणक हा विषय आपल्या देशात नवा नाही. मी स्वतः त्याच्या निदान तीन बातम्या केल्यात. दरवेळी मथळा एकच, ‘आता गरिबाच्या हाती संगणक’. मग ते संगणक गेले कुठं?

माझा जन्म १९८० चा. मी चार वर्षांचा असताना, म्हणजे १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. देशातल्या २५० शाळांत संगणक साक्षरता. त्यासाठी यंत्र निवडलं गेलं ते ब्रिटनचं, ‘बीबीसी मायक्रो’. हो, तीच रेडिओवाली बीबीसी. ब्रिटनमध्ये १९८१ साली बीबीसीनं ठरवलं की जनतेला संगणक शिकवायचा, टीव्हीवर त्याचे कार्यक्रम करायचे, आणि कार्यक्रमात दाखवलं तेच यंत्र लोकांना विकत घेता यायला पाहिजे. केंब्रिज शहरातल्या ‘एकॉर्न’ नावाच्या छोट्या कंपनीनं ते बनवलं. त्याची दोन रूपं होती, मॉडेल ए आणि मॉडेल बी. मॉडेल बी मध्ये मेमरी किती, तर ३२ केबी. आज आपण व्हॉट्सॲपवर सकाळी जो गुलाबाचा फोटो पाठवतो, तो सुद्धा त्यात मावला नसता.

पण या यंत्राची एक गंमत होती. ते घरच्या टीव्हीला जोडता यायचं, आणि बटण दाबलं की समोर खेळ नाही, चित्र नाही, सरळ बेसिक भाषेचा पडदा यायचा. यंत्र जणू विचारायचं, बोल, काय करू? दोन ओळी टाईप केल्या की ते काहीतरी करून दाखवायचं. चुकलं तर ‘मिस्टेक’ म्हणून सांगायचं. त्याच काळात क्लाईव्ह सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ आला, तो आणखी स्वस्त, रबराच्या बटणांचा. त्याची परवान्यानं बनवलेली आवृत्ती भारतातही विकली गेली. ब्रिटनमध्ये एक अख्खी पिढी या दोन यंत्रांवर आपल्या बोटांनी शिकली.

आपल्याकडं बीबीसी मायक्रो आला तो मोजक्या शाळांत. त्याचा भारतीय अवतार काढायचा परवानाही मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला मिळाला होता. नाव ठेवलं ‘युनिकॉर्न’. पुढं १९८९ मध्ये त्या कारखान्याला मोठी आग लागली आणि देशाचं चिप बनवण्याचं स्वप्नच कित्येक वर्षं मागं गेलं. त्या आगीची गोष्ट स्वतंत्र पोस्टची आहे, कधीतरी लिहीन. इथं एवढंच की ज्या यंत्राची सगळी मजा ते स्वतः दाबून, चुकून बघण्यात होती, ते आपल्या शाळांत इतकं मोलाचं झालं की मुलांना ते लांबून बघावं लागायचं. बूट काढून आत जायचं, बोट लावायचं नाही. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना संगणकाची पहिली आठवण हीच असेल, खोलीबाहेर चपला काढल्याची.

मला स्वतःला तेवढंही मिळालं नाही. मी संगणक पहिल्यांदा पाहिला तो एका डीटीपीच्या दुकानात, लग्नपत्रिका छापायला गेलो तेव्हा. पुढं पत्रकारितेच्या पदविकेला संभाजीनगरला गेलो, तेव्हाचं औरंगाबाद. तिथं पेजमेकरमध्ये पानं लावायला शिकलो. मराठी टाईप करायला श्रीलिपी. एका संगणकावर टाईप केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की सगळी अक्षरं किडा-मुंगी व्हायची, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. पण संगणक ‘आतून’ काय असतो हे त्या काळात ना मला कुणी दाखवलं ना मी विचारलं. त्यानंतर राज्यात एमएस-सीआयटी आली. लाखो पोरांनी केली, मीही केली. नोकरीच्या अर्जाला लागायची. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. त्याचा फायदा झालाच, नाही म्हणत नाही. पण ते संगणक चालवणं होतं. गाडी चालवणं आणि बोनेट उघडणं यात फरक असतोच की.

आता पहिली बातमी. ‘सिम्प्युटर’.

बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या काही प्राध्यापकांनी आणि ‘एनकोअर’ या कंपनीच्या अभियंत्यांनी मिळून २००१ साली हातात मावणारा एक संगणक दाखवला. स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक, आणि एनकोअरचे विनय देशपांडे. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची, असा इरादा. पडद्यावर काडीनं लिहायचं, यंत्र भारतीय भाषांत बोलणार, आणि गावात एकच यंत्र असलं तरी प्रत्येकाचं आपलं स्मार्टकार्ड असणार. कार्ड घातलं की यंत्र तुमचं, काढलं की दुसऱ्याचं. २००१ साली हा विचार म्हणजे फारच पुढचा होता. स्मार्टफोन सगळीकडं पोचायच्या कितीतरी वर्षं आधीचा. जगभरच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला. कर्नाटक सरकारनं जमिनीच्या नोंदींच्या ‘भूमी’ प्रकल्पात काही सिम्प्युटर वापरलेही. बाजारात मात्र तो यायला २००४ उजाडलं, आणि विकले गेले ते काही हजारांत. तोवर गावागावांत मोबाईल पोचायला लागला होता. सिम्प्युटर कुणाला नको होता असं नाही. त्याची मोठी ऑर्डर कोण देणार, हेच ठरलं नाही. कंपनी सरकारकडं बघत होती, सरकार किमतीकडं, आणि संख्या वाढल्याशिवाय किंमत उतरत नव्हती.

मग आला ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांची कल्पना, प्रत्येक लेकराला एक लॅपटॉप. हिरवा-पांढरा, खेळण्यासारखा, कान असलेला. भारत सरकारनं २००६ मध्ये त्याला नकार दिला. शिक्षण खात्याचं म्हणणं असं, की आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग यंत्रं. मला तेव्हा तो नकार खुजेपणाचा वाटला होता. आज अर्धा पटतो.

पण या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग कुठं झाला माहितीय? आपल्या महाराष्ट्रात. रायगड जिल्ह्यात कर्जतकडच्या डोंगरातल्या खैराट-धनगरवाड्यावर, २००७ साली. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथी, आणि सगळी मिळून बावीस लेकरं. मुंबईपासून फार लांब नाही, पण मुंबईच्या कुणाला नाव माहीत नसेल. ज्यांनी नंतर त्या शाळेला भेटी दिल्या त्यांनी लिहून ठेवलंय, की पोरं यंत्राला घाबरत नव्हती, फोटो काढत होती, एकमेकांना दाखवत होती. त्याचं कारण माझ्या मते अगदी साधं आहे. यंत्र पोराच्या नावावर होतं. ते घरी जायचं. त्याला कुलूप नव्हतं. शंभर डॉलरचा तो लॅपटॉप प्रत्यक्षात पावणेदोनशेच्या वर गेला आणि देशभर पसरला नाही, ते वेगळं. पण बावीस लेकरांनी जे दाखवायचं ते दाखवलं.

तिसरी बातमी तर माझ्या चांगली लक्षात आहे, कारण ती मी पहिल्या पानासाठी पाठवली आणि ती पाचव्या पानावर लागली. ‘आकाश’ टॅब्लेट.

आता इथं तारखा नीट बघा, कारण इतिहासात कधीकधी तारखाच सगळं बोलतात. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी एक नमुना दाखवून सांगितलं, पस्तीस डॉलरचा संगणक आणतोय. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत ‘आकाश’ प्रसिद्ध झाला. डेटाविंड कंपनीचा, सात इंची पडद्याचा, २५६ एमबी मेमरीचा. सरकारला पडला सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे पस्तीसऐवजी पन्नासेक डॉलर. आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, २९ फेब्रुवारी २०१२ ला, ब्रिटनमध्ये एक उघडीवाघडी हिरवी पट्टी विक्रीला आली. तिची किंमत पस्तीस डॉलर. मेमरी २५६ एमबी. प्रोसेसर आकाशमध्ये होता त्याच एआरएम घराण्यातला. नाव ‘रास्पबेरी पाय’.

दोघांचा लक्ष्य-आकडा एक, मेमरी एक, प्रोसेसरची जात एक, आणि जन्मात पाच महिन्यांचं अंतर. एक आज कुणाला आठवत नाही. दुसऱ्याचे सहा कोटींहून जास्त नग विकले गेले. का?

आधी या पट्टीची जन्मकथा. केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन नावाचा तरुण संगणकशास्त्राच्या प्रवेशाचं काम बघत होता. २००६ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं, की अर्ज करणाऱ्या पोरांची संख्याही घटतेय आणि त्यांना आधीसारखं येतही काही नाही. पूर्वीची पोरं घरूनच काहीबाही बनवून यायची. त्याला कारण सापडलं ते हे, की बीबीसी मायक्रो आणि स्पेक्ट्रमसारखी यंत्रं घरातून गेली होती. त्यांच्या जागी आला होता महागाचा पीसी, ज्याला आईबाप हात लावू देत नव्हते, आणि खेळाची यंत्रं, जी आतून बंद होती. म्हणजे बघा, जी अडचण सेलूतल्या मुख्याध्यापकाची, तीच केंब्रिजच्या आईबापाची. फुटलं तर काय?

त्यावर त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा उपाय असा, की यंत्रच इतकं स्वस्त करा की फुटण्याची भीतीच मरेल. जुन्या बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून यांच्याही दोन प्रकारांना नावं दिली मॉडेल ए आणि मॉडेल बी. पहिल्या पट्टीवर जुन्या टीव्हीला जोडायची पिवळी पिनसुद्धा ठेवली. सुरुवातीला त्यांना वाटत होतं काही हजार खपतील. विक्री सुरू झाली त्या पहाटेच वितरकांची संकेतस्थळं कोलमडली.

आणि एआरएमची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या त्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रोसेसर आखला. पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये हातात आली. चाचणी घेताना वीज किती खाते ते मोजायला गेले तर काटा शून्यावर. बघतात तर चिपचा वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती! आज तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये तीच वंशावळ आहे. सिम्प्युटरमध्ये तीच होती. आकाशमध्ये तीच. रास्पबेरी पायमध्ये तीच. १९८४ मध्ये आपल्या शाळांत ज्या घराण्याचं यंत्र झाकण घालून ठेवलं गेलं, त्याच घराण्याच्या चिपवर आपण आज रील बघतो.

आता आकाशकडं परत. माझं मत सांगतो, पटत नसेल तर खाली लिहा. आकाशमध्ये वाईट माणसं नव्हती. २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडं आला, प्राध्यापक दीपक फाटक यांच्यासारखा शिकवण्यात आयुष्य घातलेला माणूस त्याच्या मागं उभा राहिला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाशची दुसरी आवृत्ती आली, आधीपेक्षा बरीच चांगली. आयआयटीच्या पोरांनी त्याच्यावर पायथन, सी, सायलॅब चालवून दाखवलं. पण मुळात यंत्राला गिऱ्हाईक एकच होतं, सरकार. निविदा अडली की यंत्र अडलं. मंत्री बदलला, सरकार बदललं, विषय संपला. शिवाय ते यंत्र बंद डब्यातलं होतं, बघण्यासाठी बनवलेलं. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे तालुक्याच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

पट्टीचं उलटं झालं. ती अर्धवट होती हेच तिच्या पथ्यावर पडलं. ना पडदा, ना कीबोर्ड, ना डबा. ज्याच्याकडं जे आहे ते जोडा. दुनियाभरच्या हौशी लोकांनी तिच्यावर काय काय केलं आणि कसं केलं ते लिहून ठेवलं. कारखान्यांनी ती यंत्रांत बसवली. २०१५ मध्ये तिचं छोटं भावंड पाच डॉलरला निघालं आणि एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटलं गेलं. संगणक मासिकाबरोबर फुकट! आपल्याकडं दिवाळी अंकाबरोबर दिनदर्शिका येते तसं.

हे सगळं वाचून झाल्यावर मला राहवलं नाही. संभाजीनगरच्या एका ओळखीच्या पोराकडून जुना रास्पबेरी पाय ३ बी प्लस घेतला, अठराशे रुपयांना. नवा घेतला असता तर परदेशातली पस्तीस डॉलरची वस्तू इथं हातात पडेपर्यंत तीन-साडेतीन हजारांवर जाते. कर, वाहतूक, मधले लोक. २०२१ ते २३ च्या चिपटंचाईत तर ती कुठल्याच भावात मिळत नव्हती.

तपोवन एक्स्प्रेसनं येताना खिशातून काढून बघितली. पत्त्याच्या जोडाएवढी. शेजारच्या काकांनी विचारलं, टीव्हीचा पार्ट का? म्हणलं हो, तसंच समजा.

घरी नववीतला पुतण्या. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “काका, ह्याचा डबा कुठंय?” डबा नाही म्हणलं तर त्याचं तोंड पडलं. मग आम्ही बसलो. सुरुवात कशी करतात ते सांगतो, म्हणजे कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका तुम्ही करू नका.

या पट्टीत हार्ड डिस्क नसते. मोबाईलमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड, तेच तिचं डोकं. दुसऱ्या संगणकावर ‘इमेजर’ नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवायचा आणि त्यातून कार्डावर ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची. ती लिनक्सची, तीही फुकट. आम्ही कपाटातलं जुनं चार जीबीचं कार्ड घेतलं, ते पुरलं नाही. मग बत्तीस जीबीचं आणलं. चांगल्या कंपनीचं घ्या, यात काटकसर नको.

मग वीज. मोबाईलचा चार्जर लावला. लाल दिवा लागला, पण पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. पुतण्या म्हणाला भारी दिसतंय. तो इशारा होता, वीज कमी पडतेय. साधा चार्जर एक-दीड अँपिअर देतो, हिला पाच व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात. यंत्र मधेच बंद पडायचं आणि आम्ही कार्डाला शिव्या द्यायचो. चांगला चार्जर आणला आणि रोग गेला.

टीव्हीला जोडलं. देवनागरी नीट दिसली, अक्षरं किडा-मुंगी झाली नाहीत. मी तर तेवढ्यावरच खूश. पण साडेसातला आईची मालिका असते. ४० वर्षांपूर्वी ब्रिटनच्या घरांतही हेच भांडण झालं असेल.

तिसऱ्या दिवशी लाईट गेली. आली तेव्हा यंत्र सुरूच होईना. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डातला मजकूर बिघडू शकतो. केंब्रिजच्या लोकांना हे रोजचं दुखणं नसेल, सेलूत आहे. पुन्हा सगळं लिहिलं. मग वायफायच्या राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस शोधला. त्याला नीट पाच व्होल्टची आणि पुरेशा अँपिअरची पिन आहे का बघून घ्यावं लागतं. शिवाय सेटिंगमध्ये एक सोय आहे, ती चालू केली की यंत्र कार्डावर काही लिहीतच नाही, फक्त वाचतं. मग कितीही वेळा लाईट जाऊ द्या. तेव्हापासून कार्ड बिघडलेलं नाही.

आणि मग चाळीस पिना. पट्टीच्या एका कडेला उभ्या चाळीस बारीक पिना असतात. तिथं एलईडी, बटण, तापमान मोजायचा सेन्सर, काहीही जोडता येतं. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांकडून दहा रुपयांत लाल एलईडी आणि रेझिस्टर आणले. रेझिस्टर लावल्याशिवाय एलईडी जोडू नका, पिन जळेल. पायथनमध्ये चार ओळी. पुतण्यानं स्वतः टाईप केल्या, दोनदा चुकला, एकदा कंस विसरला. तिसऱ्यांदा एलईडी लुकलुकला.

काय सांगू. या पोराच्या हातात रोज मोबाईल असतो, ज्यात या पट्टीच्या कितीतरी पट ताकद आहे. त्याचं त्याला काही वाटत नाही. पण दहा रुपयांचा दिवा आपल्या सांगण्यावरून लागतो-विझतो म्हणून तो आजीला हाताला धरून ओढत घेऊन आला. आजी म्हणाली, “देव्हाऱ्याजवळ लाव की मग.”

आता दर रविवारी सकाळी आमच्या मागच्या खोलीत पाच पोरं येतात. दोन मुली आहेत, त्यातली एक कापसाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला असलेल्या मित्राची. तिनं मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर मागवायला लावलाय. निम्न दुधना उशाला असून आमच्याच शेताला पाणी का नाही, ते मोजून दाखवते म्हणाली. मी म्हणलं, बाई, ते सेन्सरनं कळणार नाही, त्याला पत्रकार लागतो.

त्याच यंत्रावर ‘किविक्स’ नावाचा प्रोग्रॅम घालून मराठी विकिपीडिया आख्खा उतरवून ठेवला. इंटरनेट नसलं तरी खोलीतल्या मोबाईलवर उघडतो. तेच एका अभ्यासिकेत लावून बघितलं. स्पर्धा परीक्षावाल्या पोरांना आवडलं, फक्त म्हणाले चालू घडामोडी नाहीत.

एवढं झाल्यावर मी परत त्या मुख्याध्यापकांकडं गेलो. दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, स्वतः एलईडी लावून बघितला. मग म्हणाले, “साहेब, छान आहे. पण हे डेडस्टॉकला कशात लिहू? संगणकात, की इलेक्ट्रिक सामानात?” आम्ही दोघं हसलो, पण प्रश्न खोटा नव्हता.

इथं मी माझ्याच उत्साहाला थोडा आवर घालतो. पट्टी स्वस्त आहे, पण पडदा, कीबोर्ड, माऊस, कार्ड, चार्जर धरलं तर एक नवा संच सहज आठ-नऊ हजारांवर जातो. तेवढ्यात बाजारात जुना वापरलेला पीसी मिळतो आणि तो हिच्यापेक्षा वेगानं चालतो. टंकलेखन, इंटरनेट एवढंच करायचं असेल तर तोच घ्या. आणि ही पट्टीही बाहेरचीच आहे. आपल्या सी-डॅकनं ‘वेगा’ नावाचे प्रोसेसर बनवलेत आणि त्यांच्यावरच्या ‘एरीज’ नावाच्या छोट्या पट्ट्याही काढल्यात. दिवा लावण्यापुरतं त्यांच्यावर होतं, पण पडद्याचा पूर्ण संगणक म्हणून त्या नाहीत. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये अशा पट्ट्या असतात, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान असतं. ज्या शाळेला ती मिळाली तिनं कुलूप लावलं नाही तर ठीकच. पण तालुक्यातल्या किती शाळांना मिळणार?

माझं गणित वेगळं आहे. त्या झाकलेल्या खोलीत दहा मॉनिटर आहेत. दहा कीबोर्ड आहेत. ते अजून चालतात, मी लावून बघितलेत, सातांचा पडदा येतो. मेलेत ते त्यांचे सीपीयू आणि यूपीएस. त्या मॉनिटरला पट्टी जोडायला तीनेकशे रुपयांचा कन्व्हर्टर लागतो. म्हणजे पडद्याचा आणि कीबोर्डचा खर्च शून्य. पण त्यासाठी आधी ते संगणक डेडस्टॉकमधून निघायला पाहिजेत. त्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीत मांडायचा, ठराव घ्यायचा, वर पाठवायचा, मूल्यांकन करून घ्यायचं. निर्लेखन झालं की मॉनिटर कागदावर भंगार. आणि भंगाराला मात्र लेकरांनी हात लावला तर कुणाची वसुली होत नाही.

सरांनी प्रस्ताव लिहायला घेतलाय. मसुदा मीच करून दिला, एवढ्या वर्षांच्या पत्रकारितेत अर्ज तर पुष्कळ लिहिलेत. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. सदस्यांपैकी दोघं या पोस्टच्या मित्रयादीत आहेत, त्यांनी वाचलं असेलच.

तोवर रविवारची खोली चालू आहे. यंत्र एक, पोरं पाच, त्यामुळं भांडणं होतात. कुणाच्या दुकानात, ऑफिसात जुना व्हीजीए मॉनिटर किंवा यूएसबीचा कीबोर्ड पडून असेल तर इनबॉक्सला सांगा, मी मोटारसायकलवर येऊन घेऊन जाईन. कीबोर्डची ‘एंटर’ची कळ तेवढी चालू पाहिजे, बाकीचं पोरं बघून घेतील.